काम करून आणलेल्या गाडीचा हीटर गार हवा मारतोय? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

रेडिएटर बदलला, वॉटर पंप टाकला, टायमिंग बेल्टचं काम झालं, हेड गॅसकेट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, सिलिंडरमधला गॅस आणि कूलंट वेगळे ठेवणारं सील) बदललं किंवा नुसता कूलंट बदलला, गाडी घरी आणली, हीटर लावला आणि बाहेर येतेय ती नुसती गार हवा. ही तक्रार खूप जणांची असते आणि त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं, "हीटर कोर चोक झालाय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल." बऱ्याच गाड्यांमध्ये हे पूर्ण दिवसाचं आणि मोठ्या खर्चाचं काम आहे, म्हणून त्याला हो म्हणायच्या आधी थोडं थांबा. कामाच्या आधी हीटर व्यवस्थित चालत होता आणि कामानंतर बंद पडला, तर पहिला शोध त्याच कामात घ्यायचा. गॅरेजमध्ये नक्की काय काय उघडलं, कुठला पाइप काढला, कूलंट किती सांडला, बॅटरीची वायर काढली होती का, डॅशबोर्डला हात लावला होता का, हे आधी विचारून घ्या. या उत्तरांतच बऱ्याचदा बिघाड सापडतो.

हीटर चालतो कसा ते थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गाडीच्या हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिन गरम झालं की त्यातला गरम कूलंट दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये जातो, त्यालाच हीटर कोर म्हणतात, आणि ब्लोअरची हवा त्याच्या जाळीतून जाऊन गरम होऊन आपल्याकडे येते. म्हणजे तीन गोष्टी हव्यात: इंजिन पुरेसं गरम झालं पाहिजे, तो गरम कूलंट कोरपर्यंत पोचून परत फिरला पाहिजे, आणि हवा त्या कोरमधूनच गेली पाहिजे. या तिघांतलं काय तुटलंय तेवढं शोधायचं.

आधी जिवाची काळजी

गरम इंजिनचं रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण कधीच उघडू नका. आत साधारण 1 बार दाब असतो, त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, आणि झाकण सैल केलं की दाब एकदम उतरतो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर आणि हातावर उसळतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, वरचा मोठा पाइप हाताने दाबून बघा, मऊ लागला तरच झाकणाला हात लावा. इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरायला लागू शकतो, त्यामुळे बाह्या, ओढणी, वायरी त्याच्यापासून लांब ठेवा. इंजिन चालू ठेवून जे काही करायचं ते मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही. आणि कूलंट सांडला तर लगेच धुऊन पुसून घ्या, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात.

अजून एक, सगळ्यात महत्त्वाचं. चालत्या गाडीत गरम हवा अचानक गार झाली आणि त्याच वेळी तापमानाचा काटा वर चढायला लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. कूलंट कमी झाला की बऱ्याच गाड्यांत कोरला होणारा पुरवठा सगळ्यात आधी तुटतो, म्हणून हीटर गार पडणं हा इंजिन ओव्हरहीट व्हायच्या आधीचा इशारा असतो. आणि काटा चढत नाहीये म्हणून निर्धास्तही राहू नका, कारण तापमानाचा सेन्सर कूलंटऐवजी हवेत उघडा पडला तर आत इंजिन तापत असताना काटा कमीच दाखवू शकतो.

कूलंटची लेव्हल बघा, पण नुसती टाकीतली नाही

इंजिन गार असताना बघायचं. ज्या गाडीत रेडिएटरला स्वतःचं झाकण आहे तिथे बाजूची प्लॅस्टिकची टाकी नुसती सांभाळून ठेवायची जागा असते, त्यामुळे टाकी खुणेपर्यंत भरलेली आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असं होऊ शकतं, विशेषतः झाकणाचं रबर गेलं असेल किंवा कामानंतर आतली हवा निघालीच नसेल तर. रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट अगदी तोंडापर्यंत दिसला पाहिजे. ज्या गाडीत फक्त दाबाची टाकी आहे तिथे मिन आणि मॅक्सच्या खुणांच्या मधली लेव्हल ग्राह्य धरायची.

भरताना गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच कूलंट भरा. कॉन्सन्ट्रेट असेल तर सहसा निम्मा कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, असं मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. रेडी-मिक्स असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. रंग बघून भरू नका, एकाच रंगाचे दोन कूलंट रसायनाने वेगळे असू शकतात आणि न जुळणारे कूलंट एकत्र आले तर आत चिखलासारखा गाळ धरतो, आणि तो पहिल्यांदा जाऊन बसतो हीटर कोरच्या बारीक नळ्यांमध्येच.

इंजिन खरंच गरम होतंय का?

गाडी वीस मिनिटं चालवल्यावर काटा नेहमीच्या जागेवर येतोय का बघा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका, बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो आणि वीसएक अंशांचा फरक दाखवतच नाही. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर कूलंटचं तापमान बघितलं तर खरा आकडा कळतो. बहुतेक इंजिनं 85 ते 105 अंशांच्या दरम्यान चालतात. तुमचा आकडा 60-70 वरच घुटमळतोय आणि हायवेला वेग घेतल्यावर अजून खाली येतोय, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय, किंवा कामाच्या वेळी तो काढून परत टाकलाच नाही. "थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन गार राहतं" असं सांगणारे मेकॅनिक अजून भेटतात, त्यांचं ऐकू नका, इंजिन गार राहून पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते आणि हीटर तर मिळतच नाही. स्कॅनरवर पी0128 कोड आला असेल तर तोही इंजिन वेळेत गरम होत नाहीये हेच सांगतो.

नवा थर्मोस्टॅट टाकलेला असेल तर तो उलटा बसलाय का हे विचारा. स्प्रिंगची बाजू सहसा इंजिनकडे असते कारण तिथल्याच मेणाच्या कॅप्सूलला गरम कूलंट लागून तो उघडतो. आणि त्यावर छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला यायला हवी, हवा निघून जायला ती वाट असते.

डिझेल गाडीवाल्यांनी थोडा धीर धरा, डिझेल इंजिन उभ्या गाडीत फार हळू तापतं. काही डिझेल गाड्यांत सुरुवातीच्या गरम हवेसाठी वेगळा इलेक्ट्रिक हीटर असतो, काम करताना त्याचा प्लग निघाला किंवा फ्यूज उडाला तर पहिली दहा-पंधरा मिनिटं गार हवा आणि मग हळूहळू ठीक, असं होतं.

दोन पाइपांची परीक्षा

इथे निम्म्याहून जास्त प्रश्न सुटतो म्हणून ही पायरी कुणीही टाळू नये. इंजिन पूर्ण तापलेलं, हीटरची नॉब एकदम गरमवर, ब्लोअर मध्यम. बॉनेट उघडून इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याकडे बघा, तिथे अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन रबरी पाइप पत्र्यातून आत गेलेले दिसतील. एक जाणारा, एक येणारा. दोन्हींना जपून, झटकन बोट लावा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर अजून चांगलं, फक्त तो रबरावर धरा, चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो.

दोन्ही पाइप सारखेच कडक गरम असतील तर कूलंट आत जाऊन बाहेर येतोय, मग पाण्याच्या बाजूला काही शोधू नका, दोष हवेच्या बाजूला आहे, खाली फ्लॅपचं लिहिलंय तिथे थेट जा.

एक गरम आणि दुसरा गार किंवा कोमट असेल तर कूलंट कोरच्या तोंडापर्यंत येतोय पण पुढे सरकत नाहीये: आत हवा अडकलीय, कोर तुंबलाय किंवा परतीच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह बंद आहे. कामानंतर लगेच असं झालं असेल तर आधी हवाच समजा.

दोन्ही गार आणि इंजिन मात्र गरम, तर कूलंट तिथपर्यंत पोचतच नाहीये. लेव्हल कमी, मोठा एअर लॉक (म्हणजे अडकलेली हवा), बंद राहिलेला हीटर व्हॉल्व्ह (काही गाड्यांत कोरची वाट उघडणारा-बंद करणारा), पिळवटलेला पाइप किंवा पंप पाणी ढकलत नाहीये.

अजून एक खूण लक्षात ठेवा. उभ्या गाडीत गार हवा आणि रेस दिली की गरम, परत आयडलला गार, असं होत असेल तर एअर लॉक, कमी कूलंट किंवा कमजोर पंप, यांतलंच काहीतरी. बॉनेटखाली न बघताही एवढं कळतं.

हवा काढणं, नीट आणि शांतपणे

कूलंट काढून भरला की आत हवा राहतेच, ती स्वतःहून निघेल असं नाही. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते आणि बऱ्याच गाड्यांत हीटर कोर किंवा त्याचे पाइप हीच उंच जागा असते. गॅरेजमध्ये घाईत वरून कूलंट ओतून झाकण लावून गाडी हातात दिली की हा बिघाड झालाच म्हणून समजा. मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीची पद्धत दिली असेल तर तीच करा, नसेल तर सर्वसाधारण पद्धत ही:

1. इंजिन गार हवं. गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांमागे दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. रेडिएटरचं तोंड किंवा टाकी ही सगळ्यात उंच जागा झाली की हवेला बाहेर यायला वाट मिळते.

2. हीटर एकदम गरमवर, ब्लोअर कमीत कमी. ज्या गाडीत हीटर व्हॉल्व्ह आहे तिथे नॉब गारवर असेल तर कोरची वाटच बंद राहते आणि तुम्ही कितीही वेळ घालवला तरी हवा निघणार नाही.

3. थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या पाइपवर किंवा हीटरच्या पाइपवर हवा काढायचा छोटा स्क्रू आहे का शोधा. असेल तर तो सैल करून कूलंट हळूहळू, बारीक धारेने ओता. स्क्रूमधून आधी फुसफुसत हवा येईल, मग फेसाळ थेंब, मग सलग धार लागली की स्क्रू बंद. हे स्क्रू बहुतेक प्लॅस्टिकचे किंवा पितळेचे असतात, जोर लावला की तुटतात, त्यामुळे हलक्या हातानेच.

4. रेडिएटरच्या तोंडाला घट्ट बसणारं उंच फनेल मिळतं, ते लावून त्यात थोडा कूलंट ठेवा. झाकण उघडंच ठेवून इंजिन गारपासून सुरू करा. सुरुवातीला बारीक बुडबुडे येतात. वरचा जाड पाइप मधूनमधून हाताने पिळा, पाइप गरम व्हायला लागला की हातमोजा घाला. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे साधारण 82 ते 95 अंशांपर्यंत, विशेष काही घडत नाही. मग एकदम गुडगुड आवाज येतो, एक मोठा बुडबुडा वर येऊन फुटतो आणि फनेलमधली लेव्हल झपकन खाली जाते. ती लगेच भरा, नाहीतर त्याच वाटेने हवा परत आत ओढली जाईल.

5. आता रेस 2000 ते 2500 आरपीएमवर अर्धा मिनिट धरा, सोडा, परत धरा. या वेळी कुणाला तरी परतीच्या हीटर पाइपवर लक्ष ठेवायला सांगा. तो पत्र्याच्या बाजूने गरम व्हायला लागतो आणि ती ऊब हळूहळू इंजिनकडे सरकते. असं झालं की कोर चालू झाला. आत व्हेंटमधून येणारी हवा पण बदललेली जाणवेल. व्हेंटमध्ये स्वयंपाकघरातला थर्मामीटर खोचून बघितलात तर चांगल्या हीटरची हवा 50 अंश किंवा त्याहून वर जाते.

6. रेडिएटरचा फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्या. बुडबुडे थांबले की इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, लेव्हल भरा, झाकण लावा.

ज्या गाड्यांमध्ये वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे, हायब्रिड तर विशेष करून, तिथे वरची पद्धत पुरत नाही. पंप चालू करून हवा काढायचा एक ठरावीक क्रम कंपनीने दिलेला असतो, काही गाड्यांत तो स्कॅनरमधून सुरू करावा लागतो. आणि दोनदा करूनही हवा निघत नसेल तर व्हॅक्यूमने कूलंट भरायचं मशीन असलेल्या गॅरेजमध्ये जा. ते आधी सगळी हवा ओढून घेतं, मग त्या ओढीनेच कूलंट आत जातो, आणि व्हॅक्यूम टिकत नसेल तर कुठेतरी गळती आहे हेही तिथल्या तिथे कळतं. माझ्या मते कूलंट काढायचं काम असेल तर हे मशीन असलेलंच गॅरेज निवडावं.

व्हॉल्व्ह, केबल, पाइप

हीटर व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत कुणाला तरी आत बसवून नॉब गार ते गरम फिरवायला सांगा आणि बॉनेटखाली व्हॉल्व्हची दांडी हलतेय का बघा. केबलचं टोक क्लिपमधून निसटलेलं असलं की आत नॉब मऊ, हलकी फिरते आणि दांडी जागची हलत नाही. काही व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालतात, त्यांचा पेन्सिलपेक्षा बारीक काळा पाइप काम करताना निघतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. हीटरचे पाइप नवे टाकले असतील तर ते कुठे मुडपलेत का, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाइपांची अदलाबदल झालीय का तेही बघा, काही गाड्यांत एका पाइपात प्रवाह कमी करणारा तुकडा असतो त्यामुळे अदलाबदलीने हीटर कमजोर होतो.

दोन्ही पाइप गरम, तरी हवा गार

डॅशबोर्डच्या आत एक फ्लॅप असतो, तो ठरवतो की हवा कोरमधून जाईल की बाजूने. आजकाल तो छोट्या मोटरने फिरतो. एसीचं, स्टिरिओचं किंवा डॅशबोर्डचं काम झालं असेल तर त्या मोटरचा प्लग लावायचा राहिलाय का ते आधी बघा. बॅटरी काढली असेल तर काही गाड्यांत या मोटरला आपली जागा परत शिकवावी लागते, त्याची पद्धत गाडीगणिक वेगळी असते, मॅन्युअल बघा किंवा स्कॅनर लावा. नॉब फिरवल्यावर ग्लोव्ह बॉक्सच्या मागून टकटकटक आवाज येत असेल तर मोटरचे दाते तुटलेत. एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार हवा येत असेल तर दोन झोनवाल्या (डाव्या-उजव्या बाजूचं तापमान वेगळं ठेवता येणाऱ्या) गाडीत एक मोटर गेलेली असू शकते, पण अर्धा तुंबलेला कोर पण असाच वागतो, तेव्हा पाइपांचं तापमान परत मोजूनच ठरवा. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा.

कोर खरंच तुंबला असेल तर

हवा नीट काढली, व्हॉल्व्ह उघडा आहे, तरी एक पाइप गरम आणि दुसरा गार, तर आता कोरवर संशय घ्यायला हरकत नाही. जुन्या गंजलेल्या सिस्टीममध्ये कामामुळे सुटलेला गाळ कोरमध्ये जाऊ शकतो, आणि गळती बंद करायची पावडर किंवा लिक्विड टाकलं असेल तर तो संशय अजून पक्का. डॅशबोर्ड उतरवायच्या आधी कोर उलटा धुऊन बघा. इंजिन गार करा, दोन्ही पाइप पत्र्यापाशी काढा, निघत नसतील तर पिळू नका, कोरच्या नळ्या वाकतात किंवा तुटतात, सरळ पाइपच चिरून नवा टाका. बाहेर येणाऱ्या नळीतून बागेच्या पाइपने अगदी हलक्या दाबाने पाणी सोडा, दुसऱ्या टोकाला बादली धरा. आधी तपकिरी गढूळ पाणी येईल. दिशा बदलत राहा, स्वच्छ आणि मोकळी धार येईपर्यंत. नळ पूर्ण सोडू नका, जुना कोर फुटला तर सगळं पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये. धुतल्यावर कूलंट भरून हवा परत काढायची, त्यातून सुटका नाही.

केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून चिकट धुकं किंवा पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं असेल तर मात्र कोर गळतोय, तिथे धुऊन उपयोग नाही, बदलावाच लागतो.

बुडबुडे थांबतच नाहीत

तासभर हवा काढली आणि तरी सारखे बुडबुडे येतायत, गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होतोय, कूलंट रोज कमी होतोय पण खाली थेंब नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, असं असेल तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. म्हणजे हेड गॅसकेट, किंवा हेडला चीर. याची सोपी टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर निळं रसायन असलेली काचेची नळी धरतात आणि गॅस आला की ते पिवळं पडतं. गॅसकेट नुकतंच बदललेलं असेल तर हेड सपाट करून घेतला होता का आणि बोल्ट ठरवून दिलेल्या क्रमाने आणि टॉर्कने आवळले होते का, हे स्पष्ट विचारा आणि टेस्ट तुमच्यासमोर करायला लावा. अशी गाडी चालवत राहू नका.

नवा पंप टाकलेला असेल आणि हवा, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह सगळं ठीक निघालं तर पंप तपासा. बाहेरून पुली फिरताना दिसते पण आतला पंखा दांड्यावर सैल असू शकतो. बाहेरचा बेल्ट चुकीच्या वाटेने बसला असेल तर काही इंजिनांत पंप उलटा फिरतो, बॉनेटखालच्या स्टिकरवर बेल्टची आकृती असते, ती ताडून बघा.

हीटर सुरू झाल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी गार इंजिनवर लेव्हल बघा. एक-दोनदा थोडी उतरली तर उरलेली हवा निघतेय, भरा आणि पुढे चला. त्यानंतरही उतरत राहिली तर नुसतं भरत बसू नका, गॅरेजमध्ये सिस्टीमला झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढा दाब देऊन गळती तपासून घ्या, आणि त्याच वेळी झाकणाचाही दाब तपासायला सांगा.